राहिलेली ओळ

ऑपरेशन थिएटरच्या दारात वॉर्डबॉयनं ट्रॉली जरा थांबवली. सुकन्यानं ट्रॉलीवरच्या लेकीचा, शलोमीचा, हात धरून प्रार्थना सुरू केली. सोलापूरच्या चर्चमध्ये दर रविवारी पोरांकडून हीच प्रार्थना घोकून घेणारी बाई ती. कुणी एक ओळ गाळली, तर परत पहिल्यापासून म्हणायला लावायची. पण आज सगळं देवाच्या मर्जीवर सोपवायची ओळ आली, तशी तिची जीभच उचलेना. ती ओळ सोडून तिनं घाईघाईनं आमेन म्हटलं.

"मम्मी, एक ओळ ऱ्हायली की."

"माहितंय."

"परत पहिल्यापासून म्हणायचं?"

सुकन्यानं मानेनंच नको म्हटलं.

शलोमीनं तिचा हात थोपटला. "ऱ्हाऊ दे. तेवढी मी म्हणते, आत गेल्यावर."