वरातीमागून घोडे

टेम्पोतून शेवटचा घोडा उतरवला आणि दिराने हात झटकले. त्याला अजून एक खेप टाकायची होती. दिवेलागणीला परत येतो म्हणाला आणि गेला. चार इमारतींच्या मधल्या चौकात दोघीच उरल्या, सासू आणि सून. आणि मधोमध घोड्यांची चक्री. मधे लोखंडी खांब, भोवती आडव्या दांड्या, दांड्यांवर लाकडी घोडे, एक हत्ती आणि मान मोडून पुन्हा जोडलेलं एक बदक.

ही चक्री सुनेने पार्कात वर्षानुवर्षं फिरवली होती. मोटर जळाल्यापासून तर हातानेच. पार्क तसा लहानच, गावाबाहेर तळ्याकाठचा. आधी तळ्यातल्या होड्या बंद पडल्या, मग झुकझुकगाडी. लोक हायवेवरच्या मोठ्या पार्ककडे वळले, आणि जे तिकडे जात नव्हते ते घरीच बसायला लागले. शेवटी मोठा पाळणासुद्धा कापून ट्रकमध्ये भरला गेला. भंगारवाल्याने चक्रीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. एवढंसं लोखंड आणि बाकी सगळं लाकूड, त्याच्या काय कामाचं? पार्कचे मालक म्हणाले, तुला हवी तर घेऊन जा, नाहीतर चुलीत जाईल.

तिने आणली. पोरं पार्कात येत नसतील तर पार्कच पोरांकडे न्यायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सासूला हे मुळीच पसंत नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगची जागा तिने चार ठिकाणी शब्द टाकून सुनेसाठी धरून ठेवली होती. पार्क बंद झाल्यावर हिला पार्क सुचतोय, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, असं ती शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून चुकली होती. शेवटी दोघींचं ठरलं, आजचा एक दिवस. पोरं आली तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी निमूटपणे कारखान्याची वाट धरायची. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हणून सासू टेम्पोत बसून आली होती.

सुनेने घोडे पुसले. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. एका खिडकीचा पडदा हलला आणि जागच्या जागी आला. जिन्याच्या पायऱ्यांवर काही पोरं एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून बसली होती. त्यातल्या एकाने मान वर केली, चक्रीकडे पाहिलं आणि परत खाली घातली. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईने ही कशाची जाहिरात आहे म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून गेली.

सून रिकामी चक्री फिरवत राहिली. पार्कातल्या शेवटच्या महिन्यांत रिकामे घोडे तिने पुष्कळ पाहिले होते, पण तिथे आजूबाजूलाही सगळं रिकामंच होतं. इथे एवढ्या खिडक्या होत्या, आणि प्रत्येकीआड माणसं होती. उन्हं भिंतीवरून वर सरकली तसे तिचे हात जड झाले. तिने चक्री थांबवली. सासूकडे बघायची हिंमत होईना. आता ऐकावं लागणार, मी सांगत नव्हते?

पण सासू गुडघे धरत उठली, घोड्याजवळ आली आणि त्याची पाठ दाबून बघितली.

"धरेल का मला?"

सुनेला आधी कळलंच नाही. "आई, तुम्ही?"

"मग काय शेजारीण? नुसती हाडं तर उरलीत अंगात. धरेल."

सुनेने तिला हात देऊन चढवलं आणि जपून दांडी ढकलली. पहिला फेरा सासूने डोळे गच्च मिटून काढला. दुसऱ्याला एक डोळा उघडला. तिसऱ्याला मात्र तिचा आवाज चौकभर घुमला, सार्वजनिक नळावर भांडून कमावलेला आवाज.

"अगं, जोर लाव की जरा. मयताला चाललोय का आपण?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खळखळून हसलं. मग एकेक खिडकी उघडायला लागली. पायऱ्यांवरचा मोबाइल बिचारा एकटाच वाजत राहिला. सगळ्यात आधी दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली आणि हत्ती कुणी धरून ठेवलाय का, असं हळूच विचारलं. सुनेने तिला उचलून हत्तीवर बसवलं. मग बदकावरून भांडण जुंपलं. आया खाली आल्या. एक बाप तान्ह्या बाळाला घेऊन आला आणि बाळाच्या नावाखाली स्वतःच बसला. सुनेच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिला तो पुसायला सवड नव्हती.

दिवे लागले. दीर टेम्पो घेऊन आला आणि हॉर्न न वाजवता बाजूला उभा राहिला. मागच्या गल्लीतल्या एका बाईने विचारलं, उद्या आमच्याकडे याल का? सून तोंड उघडणार तोच घोड्यावरून उत्तर आलं, येणार म्हणून.

पोरांची रांग जिन्यापर्यंत पोचली होती. सुनेने चक्री थांबवली आणि सासूला उतरवायला हात पुढे केला.

सासूने हाताकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग वाकून पायातल्या चपला काढल्या आणि त्या हातात दिल्या.

"एवढ्या धर," ती म्हणाली. "पायातून निसटतायत."