अखंड रणझुंजार

"आत्या, 'नव रणझुंजार' उसवा आणि 'अखंड रणझुंजार' शिवून द्या," म्हणत कबड्डीच्या कप्तानानं जर्सींचं गाठोडं मशीनवर टाकलं.

यमुनाआत्याच्या कपाळाला आठी पडली. याच जर्सींवर तिनं आधी नुसतं 'रणझुंजार' शिवलं होतं. कप्तानपदावरून भांडणं व्हायची, संघ फुटायचा, नाव बदलायचं. गावाला कप मात्र एकदाही मिळाला नव्हता. उसवून उसवून कापडाची पार चाळण झाली होती.

"आता कोण फुटलं?"

"दिग्या. त्यालाही कप्तान व्हायचंय. उद्या मॅच आहे आणि आम्ही सहाच उरलोय."

आत्यानं कात्री आपटली. "मेल्यांनो, सातही जणांच्या पाठीवर 'कप्तान' शिवते. मग तरी एकत्र खेळाल?"

कप्तानानं डोकं खाजवलं.

"चालेल. फक्त माझ्या पाठीवर 'मुख्य कप्तान' शिवा."