डावीकडे मारणारं रिव्हॉल्वर

बंदुकांच्या बाजारात हार्लनने टेबलाखालच्या खोक्यातून एक झिजलेलं रिव्हॉल्वर उचललं आणि घासाघीस न करता घेतलं. सोबत आलेल्या त्याच्या मित्राने, डेलने, कपाळाला हात लावला. दोघे थेट गावाबाहेरच्या माळावर गेले. हार्लनने समोर पुठ्ठा उभा करून शांतपणे नेम धरून सहा गोळ्या झाडल्या. सहाही पुठ्ठ्यावर मधल्या ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे, एकाच जागी लागल्या.

"आधीची चार सरळ मारायची, ती विकलीस," डेल म्हणाला. "आता हे वाकडं ठेवणार का, म्हाताऱ्या?"

"ठेवणार." हार्लनने गरम नळीवरून अंगठा फिरवला. "माझ्या लोरेटाच्या नजरेला जुळावी म्हणून ही नळीवरची नेमाची खूण मीच कानशीने घासली होती. ती वारली त्या आठवड्यात हे विकून बसलो. तीन वर्षं डावीकडे मारणारंच शोधत होतो."