उरलेले फुगे

ताई गेल्यावर तिचं घर रिकामं करायला तिचा शिल्पकार भाऊ टेम्पो घेऊनच हजर झाला. ती होती तेव्हा मात्र त्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

घरात छतापर्यंत पार्सलं रचलेली होती, आणि एकही उघडलेलं नव्हतं.

"नुसती वरच्या प्लास्टिकचे फुगे फोडत बसायची," आई म्हणाली. "तू आलास की मिळून उघडू म्हणायची."

त्याने त्या खोक्यांचीच धिप्पाड बाई घडवली आणि उरलेलं फुग्यांचं प्लास्टिक तिच्या पोटात ठासून भरलं. प्रदर्शनात लोक म्हणाले, "काय हाव दाखवलीये!" त्यानेही निमूट मान डोलावली.

दुपारी दालनात तो आणि आई दोघंच उरले आणि मूर्तीच्या पोटात फट् वाजलं. मग सावकाश आणखी एक.

"उकाड्याने होत असेल," तो म्हणाला.

"ताई अशीच फोडायची," आई म्हणाली. "तुझी वाट बघताना."

त्याने कटरने मूर्तीचं पोट फाडलं आणि प्लास्टिकचा शेवटचा तुकडासुद्धा ओढून काढला. त्यावर एकही फुगा शाबूत नव्हता.

तेवढ्यात पुन्हा फट् वाजलं.

आईने मूर्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्या पोटाकडे बघत होती.