मास्तरांची पाठ

शेवटचं गाणं सुरू झालं आणि लय पुन्हा पडली.

मास्तरांनी बँडला लय देणाऱ्या हातांचा वेग वाढवला. ट्रंपेटवाल्यांकडे बघून डोळे वटारले, सॅक्सोफोनच्या रांगेसमोर टाच आपटली. उपयोग शून्य. अख्खा बँड चढणीला लागलेल्या ट्रकसारखा सावकाश चालला होता. आणि सगळ्यांच्या मागे, उंचावर, बारक्या मजेत ड्रम वाजवत होता. हा नावाचाच बारक्या. बसला की स्टूल दिसत नसे.

मास्तरांना काही म्हणजे काही कळेना. तालमीत हेच गाणं कसं सुसाट जायचं! कार्यक्रमातही बाकीची गाणी ठीक. लय पडायची ती याच एका गाण्याची, आणि तीही समोर लोक नाचायला आले की. आधी त्यांना वाटलं, आपले कान गेले. डॉक्टर म्हणाले, कान पोरांना लाजवतील असे आहेत. मग वाटलं, बारक्या पिऊन बसतो. तोंडाचा वास घेता यावा म्हणून त्यांनी एकदा त्याला उगाचच मिठी मारली. वास आला खोकल्याच्या गोळीचा, आणि बारक्या बिचारा त्या मिठीने गहिवरला. मग वाटलं, सगळे मिळून आपल्याला वेड्यात काढतायत. बायकोपाशी गाऱ्हाणं केलं तर ती हसली.

"अहो, गाणं बरोबर चाललंय. तुम्हालाच कुठे जायची घाई झालीय कोण जाणे!"

हा बँड म्हणजे मास्तरांचा जीव. स्विंगचं ते नाचरं संगीत संपलं, बिग बँडचे दिवस गेले, असं जो तो सांगत होता, तेव्हा या माणसाने जुन्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून एकेका वाद्याचे सूर उतरवून काढले. एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतला कारकून, एक चित्रकलेचा शिक्षक, असे वादक कुठून कुठून गोळा केले. लोक हसले. मग तेच लोक बुटांना पॉलिश करून नाचायला येऊ लागले. हे शेवटचं गाणं त्यांनी सगळ्यात आधी बसवलं होतं, लग्न झालं त्या वर्षी, बायकोसाठी. तिच्या पायांसाठीच म्हणा ना. तिच्यासारखं नाचणारं तेव्हा हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

मास्तर मात्र तिच्याबरोबर कधीच नाचले नाहीत. तोंड बँडकडे, पाठ लोकांकडे, हा त्यांचा नियम. गाणं चालू असताना मागे बघणारा मास्तर बँड बुडवतो, असं ते ठासून सांगत. सगळं संपलं की आधी एकेका वादकाचं नाव घेऊन त्याला उभं करायचं, त्याला टाळ्या घेऊ द्यायच्या, आणि मगच स्वतः वळून मान लववायची. तेव्हा त्यांना बायको दिसायची. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिने नाच सोडला होता. कोट अडकवायच्या स्टँडपाशी ती खुर्चीवर बसलेली असायची, काठी मांडीवर, रुमालाने कपाळ पुसत. हॉलमध्ये फार उकडतं, म्हणायची.

आज मात्र मास्तरांचा निश्चय झाला होता. दुसरा ड्रमवाला ठरवून ठेवला होता. कार्यक्रम संपला की बारक्याला नारळ. इतक्या वर्षांचा सोबती, जिवावर आलं होतं. पण बँड डोळ्यांदेखत मरू द्यायचा का?

लय आणखी पडली. आता मात्र त्यांना राहवेना. ट्रॉम्बोनवाला एकट्याने वाजवायला उठला, तेवढ्यात मास्तर आपली जागा सोडून रांगांमधून वाट काढत थेट ड्रमपाशी गेले.

"बारक्या, लय वाढव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही वाढवणार, मास्तर." बारक्याचे हात थांबले नाहीत. त्याचे डोळे मात्र भरून आले. "सांगायचं नाही अशी वहिनींनी शपथ घातलीय. सांगत नाही. पण आता माझ्याजवळ उभे आहात, तर इथून मला काय दिसतं ते बघून घ्या."

मास्तर वळले.

हॉलच्या मधोमध लोकांनी जागा सोडली होती. तिथे त्यांची बायको नाचत होती. काठी कोपराला अडकवलेली. दोन्ही हात वर धरलेले, कुणाच्या तरी खांद्यांवर ठेवावेत तसे, आणि त्या हातांमध्ये कोणी नव्हतं. ती एक पाऊल टाकायची. दुसरा पाय ओढत आणायची. तो पाय टेकला की बारक्याचा ठोका पडायचा.

आधी नाही. टेकल्यावर.

मास्तर पायऱ्या उतरले. बँड हाताच्या इशाऱ्यावाचून वाजत राहिला, कुणाचाही सूर चुकला नाही. गर्दीतून जाऊन ते त्या रिकाम्या हातांमध्ये उभे राहिले. आयुष्यभर लोकांना नाचवणाऱ्या माणसाला आता पहिला पाय कुठला टाकायचा तेच समजेना. ते भांबावून तिच्याकडे बघत राहिले.

"मला येत नाही गं," ते पुटपुटले.

"मग घाई कसली?" तिने हात त्यांच्या खांद्यांवर टेकवले. "बारक्या थांबतो आपल्यासाठी."