मशीन भरतच नाही

"बंद करा हो आता! टाकी रिकामी व्हायलीय!" योगिनी मोरीच्या दारातून ओरडली.

तिचा नवरा, उद्धव, वॉशिंग मशीनसमोर उकिडवा बसला होता. काचेच्या दारामागं वीतभर पाणी हलत होतं. ते वरही चढत नव्हतं आणि ड्रमही फिरत नव्हता. आत पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा चालू. वैशाखातल्या भुईनं प्यावं तशी मशीन पाणी पीत होती.

"थांब जरा. भरंल आता."

"कालपण हेच म्हणलात. परवापण."

उद्धवनं एक बटण दाबलं, नळाची चावी उगाच फिरवली. मग खिडकीकडं तोंड करून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "किती पाणी वाया जायलंय! कुठली मेली मशीन आणली!"

योगिनीनं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं धुण्याला बोट न लावलेला माणूस, आणि आता रोज ऑफिसला जायच्या आधी स्वतः मशीन लावायला बसत होता.

जिंतूरच्या त्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. भिस्त सगळी घरामागच्या बोअरवर. बोअर उद्धवच्या जागेत; पण वडिलांनी पाडलेला, म्हणून शेजारी राहणाऱ्या धाकट्या आदिनाथकडंही तिथूनच पाइप गेलेला. होळीनंतर दोघं भाऊ कंपाउंडच्या वीतभर जागेवरून भांडले. उद्धवनं पाना आणून सगळ्यांदेखत तो पाइप सोडवला.

"ह्या बोअरचा थेंब जरी माझ्या हातानं तिकडं गेला, तर बापाचं नाव लावणार न्हाई!"

बोलून बसला. तेव्हापासून आदिनाथची बायको, राजनंदिनी, कडेवर लेकरू आणि डोक्यावर घागर घेऊन पार रस्त्यापल्याडच्या हापशाला जायची. दोन्ही लेकांची आई, कस्तुराबाई, उद्धवशी बोलायची बंद झाली होती. बोलायचं ते सुनेकरवी.

"योगिनी, सांग तुझ्या नवऱ्याला," ओसरीवरून डाळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "पिशवी भरलीय मी. उद्या राणीसावरगावला भावाकडं जाते. एका लेकाघरी यंत्राला पाणी पाजायचं, अन् दुसऱ्याची मडकी कोरडी. माझ्या घशाखाली घोट उतरत न्हाई हितं."

"तुझ्या सासूला सांग, मी गल्लीत शब्द दिलाय."

"मी काय पोस्टमन हाय का तुमचा?" योगिनी कडाडली, मग सासूकडं वळली. "अन् आत्या, तुमीबी! आधी ह्या मशीनचं काय ते बघू द्या."

"मी तवाच म्हणलं व्हतं. धुण्याला मनगट लागतंय, वायर न्हाई."

योगिनीनं कपड्यांची बादली आपटली. "सरका. कपडे टाकते, पावडर टाकते. बघू तरी फिरती का."

"नको!" उद्धवनं हात आडवा घातला. "पावडर नको. नुसत्या पाण्यानं बघू आधी."

"बरं, खालची जाळी तरी काढा. काहीतरी अडकलं आसंल. तुमचा रुमाल कुठाय? कधीचा दिसंना."

"मशीननंच गिळला आसंल."

योगिनीनं मशीन बंद केली आणि आतलं पाणी उतरल्यावर खालचं झाकण उघडून जाळी काढली. एक बटण निघालं, एक केसांचा आकडा. रुमाल नव्हता. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला तिनं त्याच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं पान काढलं होतं. तिला रडूच यायला लागलं.

"सिद्धोधनभाऊला बोलवा."

"मिस्तरी कशाला? मी करतो की." उद्धवनं जाळी बसवून मशीन परत चालू केली.

"करा! करा!" ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनंच मिस्तरीला फोन लावला.

सिद्धोधन पूर्णेला कामावर होता. "ताई, पाणी फरशीवर सांडायलंय का?"

योगिनीनं वाकून बघितलं. "न्हाई. फरशी ठणठणीत कोरडी."

"मग एवढं पाणी जायलंय कुठं? भिंतीतून मागं काढलेला पाइप बघा, घाण पाण्याचा. तो वर टांगलेला पाहिजे. खाली सोडला की आतलं पाणी आपोआप निघून जातंय. मशीनला वाटतंय, मी भरलेच न्हाई. मग ती घेतच ऱ्हाती."

"पण तो मीच वर खिळ्याला अडकवलाय."

"मग कुणीतरी काढला आसंल."

कुणीतरी. योगिनीनं ओसरीकडं बघितलं. पहिल्या दिवसापासून मशीन न पटलेली बाई. त्यात लेकावर राग. आज सगळ्यांसमोर उघडं पाडतेच, म्हणत तिनं पदर खोचला आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली.

खिळा मोकळा होता. पाइप खाली उतरवलेला. अडुळशाच्या आडून, भिंतीला धरून धरून तो कंपाउंडच्या बुडाशी असलेल्या भोकातून पलीकडं गेला होता. आदिनाथच्या अंगणात. ते अंगण उताराला, खालच्या अंगाला होतं.

योगिनी धुण्याच्या दगडावर चढली. मशीन आल्यापासून त्या दगडावर कुणी पाय ठेवला नव्हता. तिनं पलीकडं डोकावून बघितलं.

मागं मोरीत उद्धव पुन्हा ओरडला, "किती पाणी वाया जायलंय!"

तसं पलीकडचं दार हळूच उघडलं. राजनंदिनी लगबगीनं आली. भरलेली कळशी तिनं बाजूला सारली आणि रिकामी घागर पाइपाखाली धरली. वर बघितलंसुद्धा नाही.

धार गाळून पडत होती. लहान लेकरू असलेल्या घरी पाणी जायचं म्हणून कुणीतरी पाइपाच्या तोंडाला गाळणं बांधलं होतं. दुहेरी घडीचं पांढरं कापड, आणि त्याच्या कोपऱ्यात भिजून गडद झालेलं हिरव्या दोऱ्याचं पान.