गादीची रेघ

माणसाच्या पोटातल्या विजेच्या लाटा मोजण्याआधी संशोधक ताई तारांच्या चकत्या नेहमी रिकाम्या खाटेच्या गादीला चिकटवून बघायची. पडद्यावर रेघ सरळ आली, की यंत्र ठीक.

आज रेघ हलली. उपाशी पोटाची असते तशी, संथ लाट.

तिने तारा बदलल्या, यंत्र बदललं. लाट तीच.

"भूक लागली का गं बाई तुला?" उसनं हसत तिने आपला डबा गादीजवळ धरला. लाटेत काडीचा फरक पडला नाही.

तेवढ्यात चाचणीसाठी बोलावलेला धाकटा भाऊ शर्टाची बटणं सोडत आत आला. लाट पडदाभर उसळली.

"थांब, झोपू नकोस!"

तो आडवा झालाही होता. "का गं ताई? गादी मस्त गरम आहे." मग पाठीखाली हात घालून तो चाचपू लागला. "पण ही ओली कशाने होतेय?"